तोंड टपालानं जात नाही

सरकारची सूचना आली तेव्हा कवळीताई आपल्या वडिलांचे दात घासत होती. ब्रशनं नव्हे, फिरत्या चाकावर. बाबा दुसऱ्या शहरात तिच्या धाकट्या भावाच्या घरी बोळक्या तोंडानं बसले होते आणि त्यांचे नवेकोरे दात इकडे तिच्या चिमटीत होते. खिशात मोबाइल किंचाळला म्हणून तिनं चाक थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचलं. गडबडीमुळे त्या शहराकडे अत्यावश्यक कारणाशिवाय प्रवास टाळावा, असं त्यात लिहिलं होतं. तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि चाक पुन्हा सुरू केलं.

तिचं खरं नाव आता फक्त बँकेला माहीत होतं. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती लग्नाआधीपासून कवळ्या बनवत आली होती, त्यामुळे लहानथोर सगळे तिला कवळीताईच म्हणत. खोलीत बघावं तिकडे प्लास्टरचा पांढरा धुरळा. फळीवर प्लास्टरच्या हिरड्यांचे साचे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. गावातले निम्मे लोक माझ्या दातांनी हसतात, असं ती बिनदिक्कत सांगायची. उरलेल्या निम्म्यांचं काय, असं नवऱ्यानं विचारलं की म्हणायची, त्यांचा नंबर यायचाय.

बाबांचा साचाही त्याच फळीवर होता. त्यांची पहिली कवळी तिनंच केली होती आणि ती त्यांनी वर्षानुवर्षं मिरवली. मिरवणारच. उभी हयात त्यांनी त्याच शहरातल्या भाजीबाजारात लिलाव पुकारले होते. त्यांचा आवाज पोत्यांच्या थप्पीपलीकडे, मालमोटारींच्या भोंग्यांवर मात करून जायचा. घरी मीठ मागतानासुद्धा ते बोली लावल्यासारखे बोलत आणि आई म्हणायची, अहो, मी समोरच बसलेय. अशा माणसाची कवळी त्या शहरातल्या गडबडीच्या पहिल्याच दिवशी फुटली. कशी फुटली ते भाऊ नीट सांगेना. पडले, एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून बाबांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. एखाददुसऱ्या शब्दापलीकडे बोलायचे नाहीत, खायचे नाहीत, घराबाहेर तर पाऊल टाकायचे नाहीत. तिकडचे दवाखाने अर्धेअधिक बंद. एक डॉक्टर घरी येऊन गेले आणि सांगून गेले की आठवडाभर असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल.

फोनवर बाबा जे काही बोलत, त्याचा अर्थ लावणं म्हणजे दिव्य होतं. बोळक्या तोंडातून अक्षरं निसटून जात. भाऊ म्हणाला, "ताई, सारखं भात वाटून, भात वाटून करतात गं. तुझी वहिनी रोज मिक्सरमधून अगदी लगदा करून देते. पुढे ठेवला की ढकलून देतात."

तिनं बाबांना फोन द्यायला सांगितलं. बाबा फोनवर दोनदा तेच म्हणाले. तिला ते स्वच्छ ऐकू आलं, भात वाटून. बिनदातांच्या माणसांचं बोलणं ऐकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, तेव्हा शंका घ्यायचं कारणच नव्हतं. बाबांना भूक आहे पण लगदा गिळायला अभिमान आड येतोय, असं तिनं ठरवून टाकलं आणि त्याच दिवशी कवळीला हात घातला.

आता घरातला गोंधळ ऐका. नवऱ्यानं सकाळपासून टीव्हीसमोर बस्तान ठोकलं होतं. पडद्यावर एक बस जळत होती. एकच बस, पण तीन वाहिन्यांनी ती तीन बाजूंनी जाळली होती, त्यामुळे नवऱ्याच्या हिशेबानं त्या शहरात आता बस शिल्लकच नव्हती. दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या मुलीनं तिकडची आपली सहल रद्द केली आणि दिवसभर नाक ओढत बसली. वरच्या मजल्यावरचा विमा एजंट मात्र उलट खूश होता; हॉटेलं आता रिकामी पडली असतील, अशी संधी पुन्हा येत नाही, म्हणून त्यानं बॅग भरायला घेतली. मग संध्याकाळच्या बातम्या पाहून गुपचूप रिकामी केली. ज्याच्या त्याच्या भीतीला आपापली रीत होती.

नवऱ्यानं दाताच्या कण्या केल्या. जाऊ नकोस, पार्सलनं पाठव, पार्सलवाले जातातच ना. चिडायचं कारण नव्हतं, तो जीव तोडून सांगत होता. तिनं त्याला फळीवरचा जुना साचा हातात दिला. हिरड्या झिजतात, माणूस वाळला की जास्तच झिजतात. जुन्या साच्यावरून केलेली कवळी तोंडात बसवून, जिथे रुतते तिथे थोडी थोडी घासावी लागते, सैल असेल तिथे भरावी लागते. त्यासाठी समोर तोंड हवं.

"कवळी टपालानं जाईल हो," ती म्हणाली. "तोंड टपालानं जात नाही."

तरीही तिनं सरकारी मदत क्रमांकाला फोन लावला. सूचना धुडकावून जाणाऱ्यांपैकी ती नव्हती. नियम तिला आवडत. पलीकडच्या मुलीनं अत्यावश्यक कारणं वाचून दाखवली. गंभीर आजार, मृत्यू, परीक्षा, न्यायालयाची तारीख. दात त्यात येतात का, असं कवळीताईनं विचारलं. कोणाचे, मुलीनं विचारलं. वडिलांचे. काय झालंय त्यांना? दात नाहीत. पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"ते तुमचं तुम्हीच ठरवायचं असतं, मॅडम," शेवटी मुलगी म्हणाली. "आम्ही फक्त कळवतो."

"मग ठरलं," कवळीताई म्हणाली आणि तिचे मनापासून आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बसस्टँडपर्यंत तिची पिशवी घेऊन आला. वाटभर जाऊ नकोस म्हणत होता आणि वाटभर पिशवी या हातातून त्या हातात घेत होता, पण तिच्या हाती देत नव्हता. बस आली तेव्हा तिनं ती काढून घेतली. त्याचे डोळे भरले होते. तिला ते बघवेना, म्हणून तिनं कुकरची शिट्टी खराब झाली आहे एवढंच सांगितलं आणि चढली.

बसमध्ये जेमतेम डझनभर माणसं. शेजारच्या बाकावर रंगाच्या कंपनीचा एक विक्रेता होता. तो मोबाइलवर जे येईल ते मोठ्यानं वाचत होता. जमाव वाढतोय, पूल बंद, पूल बंद नाही, पूल बंद होण्याची शक्यता. सगळ्यांचा जीव त्यानं टांगणीला लावला. अर्ध्या वाटेवर चहासाठी बस थांबली आणि तेवढ्यात प्रत्येकाच्या खिशातून, पर्समधून एकदमच तो सरकारी भोंगा वाजला. नागरिकांनी घराबाहेर पडू नये, अशी सूचना. घरापासून इतक्या लांब, रस्त्याच्या कडेला चहाचे पेले हातात धरून उभी असलेली ती माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग कोणीतरी हसलं. पण हसणाऱ्यांपैकीही बरेच जण समोर उभ्या असलेल्या परतीच्या बसकडे वळले. विक्रेता सगळ्यात आधी.

कवळीताईही घाबरली होती, खोटं कशाला सांगा. पाय परतीच्या बसकडे ओढत होते. तिला ती जळती बस दिसत होती आणि तिच्या खिडकीत स्वतःचा चेहराही. दोष कोणाचाच नव्हता. परत जाणारे वेडे नव्हते. पण नळीचा विचार आला की तिचं डोकं फिरायचं. ज्या नाकातोंडातून तो आवाज निघायचा तिथे रबराची नळी. मी असताना नाही, असं ती स्वतःशी मोठ्यानंच म्हणाली. चहा अर्धा टाकून ती आपल्या बाकावर जाऊन बसली आणि पुढच्या बाकाची दांडी तिनं घट्ट धरली.

शहराच्या वेशीवर नाका होता. पोलिसांनी पिशव्या उघडल्या आणि तिच्या पिशवीत पांढऱ्या भुकटीची बरणी निघाली. एका बाटलीत उग्र वासाचा द्रव, शिवाय एक छोटं घासायचं यंत्र. अशा दिवसांत आणखी काय हवं? सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बसमधले प्रवासी तिच्यापासून चार पावलं मागे सरले आणि तरुण शिपायानं साहेबांना हाक मारली. दातांचं सामान आहे, हे ती सांगत राहिली. दात दाखवले तर शिपाई आणखीच दचकला.

शेवटी तिनं साहेबांकडे पाणी मागितलं. झाकणात भुकटी घेतली, कालवली, आणि तो गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. जरा वेळ धरा, म्हणाली. साहेब धरून उभे राहिले. दाताचं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, हे ती रोजच पाहत होती. ते सांगायचं मात्र घाईत राहून गेलं. साहेबांच्या भुवया वर चढल्या. "हे तापतंय," ते सावकाश म्हणाले आणि शिपायाचा हात बंदुकीकडे गेला. तिची दातखीळ बसायची वेळ आली. पण साहेबांनी हात झटकला नाही. थोड्या वेळानं गोळा दगड झाला, गार पडला. त्यावर त्यांच्याच तळहाताच्या रेषा उमटल्या होत्या. त्या न्याहाळत त्यांनी कोणाकडे चाललात ते विचारलं, आणि वडिलांकडे म्हटल्यावर पिशवी स्वतः बंद करून दिली. गोळा मात्र खिशात टाकला.

शहर टीव्हीतल्यासारखं नव्हतं, आणि भाऊ सांगायचा तितकं ठाकठीकही नव्हतं. एका चौकात काळं पडलेलं डांबर होतं, काचा झाडून कडेला ढीग केला होता. त्याला लागूनच एक शिंपी दुकानाचं दार अर्धं ओढून घेऊन मशीन चालवत होता. माणसं भराभर चालत होती आणि कोणी कोपऱ्यावर रेंगाळत नव्हतं.

बाबा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिला पाहून त्यांनी पदराआड करावं तसा पंजा तोंडावर धरला. गालफडं आत गेली होती, गळ्याची कातडी लोंबत होती. तिला रडू फुटणार होतं; तिनं हात धुवायला जाऊन ते निस्तरलं. मग खिडकीशी खुर्ची ओढली, टॉवेल त्यांच्या गळ्यात बांधला आणि आ करा म्हणाली. बाबांनी मान फिरवली. ती तशीच उभी राहिली. ती अर्ध्या वाटेवरून परतली नव्हती, इथून काय परतणार? बऱ्याच वेळानं त्यांनी आ केला.

मग सुरू झालं तिचं काम. कवळी बसवायची, मधे रंगीत कागद ठेवून चावायला लावायचं, जिथे ठिपका पडेल तिथे घासायचं, धुवायची, पुन्हा बसवायची. बाबा दुखलं की तिच्या मनगटावर चापटी मारत. भाऊ आणि वहिनी दारात उभे होते. जेवायची वेळ झाली म्हणून वहिनीनं वाटलेल्या भाताची वाटी आणून ठेवली. कवळी शेवटी हिरड्यांवर चपखल बसली. काहीतरी बोलून बघा, बाबा, कवळीताई म्हणाली.

बाबांनी जबडा हलवला, जीभ फिरवली. वाटीकडे पाहिलं.

"हा लगदा मागितला कोणी?" ते म्हणाले.

"तुम्हीच ना, बाबा," वहिनी म्हणाली. "भात वाटून, भात वाटून..."

"भय वाटतं," बाबा म्हणाले. "भय वाटतं म्हणत होतो मी."

 वहिनीनं वाटी उचलून पदराखाली घेतली. मग बाबांनीच सांगितलं, तुटक तुटक, अक्षर न अक्षर जागच्या जागी. बाजारात लोक धावत आले, त्यांना धक्का लागला, ते पडले, कवळी बाहेर उडाली आणि कोणाच्या तरी पायाखाली गेली. आयुष्यभर त्याच बाजारात ओरडत आलो आणि त्या दिवशी वाचवा म्हणायला आवाज फुटला नाही, असं ते म्हणाले. घरी येऊन मुलाला सांगितलं तर त्यानं भात वाटून आणला. मग रोजच आणला. बोळक्या तोंडानं पुन्हा समजावून सांगायची लाज वाटली.

 कवळीताईनंही भातच ऐकला होता. तिच्या कानांनी, तिच्या इतक्या वर्षांच्या कानांनी. ती खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मलाही वाटलं, बाबा," ती म्हणाली. "येताना सबंध वाटभर."

"मग आलीस कशी?"

"भीत भीत आले."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. लिलावाआधी ते माल पाहायचे तसं नव्हे, बापानं पाहावं तसं. त्यांनी तिच्या डोक्यावरचा प्लास्टरचा धुरळा झटकला. मग वहिनीकडे वळून साधी पोळी मागितली आणि बराच वेळ लावून, आवाज करत, सगळी संपवली.

खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस आहेस?"

"तुम्ही त्या बाजारापर्यंत चालत जाऊन याल तोवर."

"मग मी काही इतक्यात जात नाही," बाबा म्हणाले, आणि खुर्चीचा हात धरून चपला शोधायला उठले.