त्यांनी पाडलेलं विमान

विमानांची मॉडेलं चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास आला की ऐंशीच्या दशकातलं अमेरिकेतलं आमचं वेस्ट विंडसर गाव आठवतं. शेजारचे अमेरिकन आजोबा, दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक, गॅरेजमध्ये त्या युद्धाच्या सुरुवातीच्या, पंखांची एकच जोडी असलेल्या जपानी लष्करी विमानाचं मॉडेल करत होते. हात थरथरायचे, म्हणून पंखांवरचे लाल गोल रंगवायला त्यांनी मला बोलावलं. "असलंच एक मी ब्रह्मदेशात पाडलं," ते म्हणाले. माझा ब्रश थांबला. "मग त्याचं मॉडेल कशाला?" "पडताना आतल्या वैमानिकाचा चेहरा दिसला गं. माझ्याच वयाचा पोरगा होता. निदान विमान तरी धड करून ठेवतो." आत बसवायचा चिमुकला वैमानिक त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि तोंड फिरवलं. तो मीच बसवला. आज त्यांच्या वयाकडे झुकल्यावर वाटतं, तेव्हा निदान त्यांचा हात तरी धरायला हवा होता.