लोखंड-मातीचे पाय

निपाणीत आमच्या प्रार्थनासभेला पाळक महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या शुक्रवारी बायबलमधलं वचन उलगडून सांगतात ते आण्णाप्पा. दिवसभर तंबाखूच्या वखारीत काम, संध्याकाळी त्यांच्याच घराच्या सोप्यात सभा. माणूस भला, पण भविष्यवाणी म्हटली की अंगात आल्यासारखा बोलतो.

त्यातही त्यांचा जीव दानिएल संदेष्ट्याने उलगडलेल्या स्वप्नात. बाबेलच्या राजाला दिसलेला पुतळा: डोकं सोन्याचं, छाती चांदीची, खाली पितळ, मग लोखंड, आणि पावलं निम्मी लोखंडाची, निम्मी मातीची. एक दगड पावलांवर आदळतो आणि सगळ्याचा चुराडा. सोन्याचं डोकं म्हणजे बाबेल, हे दानिएलानेच सांगून ठेवलंय. पावलांचा अर्थ मात्र जो तो आपापला लावतो, आणि आमच्या सीमाभागात तो एकाच दिशेला जातो. एकदा महादेवने विचारलंच, "आप्पा, ह्ये राज्य पडलं की आपण महाराष्ट्रात जाणार न्हवं?" आम्ही हसलो. आण्णाप्पा हसले नाहीत.

पुढे त्यांच्या एकुलत्या एक लेकीने, बेळगावात नर्स असलेल्या रूपालीने, नागराजशी लग्न ठरवलं. पोरगा ख्रिस्तीच, पण कानडी. हे सांगायला ती घरी आली, त्या शुक्रवारी सभेत आण्णाप्पा थेट पावलांवर आले. ती राज्यं आपसात सोयरिकी करतील, पण लोखंड मातीत मिसळत नाही तशी टिकणार नाहीत, असं तिथे आहे. दानिएल बोलत होता राजघराण्यांबद्दल. आण्णाप्पांनी बोट केलं लेकीकडे. "मराठी लोखंड, कानडी माती. ह्ये घर पडणार!"

आमच्या लोकांना आमेन म्हणायची भारी घाई. सगळे म्हणाले.

रूपाली उठून गेली. लग्नाला आण्णाप्पा गेले नाहीत. नात झाली, तिचा बाप्तिस्मा झाला, तरी नाहीत. बायको जयाबाई झुरत राहिली, आणि खरं सांगायचं तर तेही झुरले. यंदा नाताळाला लेकीला बोलवायचं ठरलं. रूपालीने फोनवर एकच सांगितलं, "जिथं बोलला तिथंच परत घ्या, आप्पा. मग येतो."

पुढच्या शुक्रवारी सभेत जयाबाईने लेकीला फोन लावला आणि तो चालूच ठेवून हातात धरला. आण्णाप्पा उभे राहिले. "माझं चुकलं. राजांचं हाय ते. आपल्या लेकीबाळींचं न्हाय."

भरमा ताडकन उठला. "आसं कसं, आप्पा? तुमच्या शब्दावर मी माझ्या तेजस्वीची कानडी सोयरीक मोडली. पोरगी अजून बोलत न्हाय माझ्यासंगं. वचन काय आज एक, उद्या एक?"

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच. मला इतकी चीड आली की सांगता सोय नाही.

आण्णाप्पांनी फोन घेतला. "ऐकलंस न्हवं, बाळ?"

"ऐकलं, आप्पा. तुमचं बी, त्यांचं बी. माझ्या पोरीला त्या घरात कशी आणू?"

आण्णाप्पांनी फोन कानाला धरूनच वर बघितलं. समोर माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती, पुढचं वचन ऐकायला.