ओलं बोट

गाडी सुटायला अजून वेळ होता आणि माझ्या नव्या कोटाचं मधलं बटण लोंबत होतं. सोलापूर स्टेशनाच्या फलाटावर, भर दुपारी, आईनं पदराला टोचून ठेवलेली सुई काढली. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, दोन बोटांत पिळलं, एका दमात नेढ्यातून घातलं आणि मी कोट घालून उभा असतानाच बटण शिवायला घेतलं. आसपासचे लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विलायतेला निघालेला मी हातात टोपी धरून उभा, आणि आई माझ्या छातीशी वाकून दातानं दोरा तोडतेय.

"किती वर्सं म्हनलास?" तिनं विचारलं. चौथ्यांदा विचारत होती.

"दोन."

"दोन म्हंजे दोनच की रं. तेवढी मी काढते कशीबी."

धाप तिला तेव्हाच लागत होती. जन्मभर रहाटाशी बसून तिनं आबांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, सुताची धूळ छातीत गेली. आबा म्हणजे माझे वडील, घरातच हातमागावर लुगडी विणायचे. आम्ही सगळे त्या सुतातच वाढलो. मी तेवढा शाळेच्या नादानं बाहेर पडलो, पुण्याला कॉलेज केलं आणि शिष्यवृत्ती मिळवून बसलो. मिळवून बसलो असंच म्हणतो मी, कारण मिळाली तेव्हा हसू की रडू हे घरात कुणालाच कळेना.

हे सगळं आज लिहायला घेतलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या, गंगूच्या पत्रामुळं. मी गेलो तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आता मराठी शाळेत मास्तरीण आहे. तिनं दोन प्रश्न विचारलेत. एक, "दादा, आता तू घर कशाला म्हणतोस, हितल्याला का तितल्याला?" आणि दुसरा, "तुझं काम त्या वर्षी कशानं बिघडलं होतं? आई विचारत होती. तू कधी लिहिलंच नाहीस." पहिल्याचं उत्तर मला धड येत नाही. दुसऱ्याचं येतं, पण ते मी इतकी वर्षं दडवून ठेवलं.

मी आलो ते उत्तर इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावी. नशीब बघा, सात समुद्र ओलांडून कुठं आलो, तर पुन्हा धुराड्यांत आणि भोंग्यांत. पहाटेचा भोंगा झाला की क्षणभर वाटायचं, आता आबा उठतील, चूळ भरतील, मागावर बसतील. मग थंडीनं पाय आखडलेले कळायचे. लँडलेडी भली होती. उकडलेला बटाटा रोज तितक्याच प्रेमानं वाढायची. आपल्याकडच्या शेंगाचटणीची आठवण काढून मी तो गिळायचो.

माझं काम होतं आकाशातून येणारे किरण मोजायचं. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना पकडायला नळी लागते. हातभर लांबीची पितळी नळी, तिच्या बरोबर मधून ताणलेली केसाहून बारीक तार, दोन्ही टोकांना बुचं. आतली हवा बरीचशी काढून घ्यायची आणि तारेला जबर दाबाची वीज द्यायची. नळीतून किरण गेला की जोडलेलं यंत्र 'टक' करतं आणि आकडा एकानं पुढं सरकतो. बाजारात असली नळी मिळत नव्हती. ज्यानं त्यानं आपली आपण करायची, आणि ती करता येणं हेच आमच्या पीएच.डी.चं अर्धं शिक्षण होतं.

ती तार बुचाच्या भोकातून ओवताना भल्याभल्यांचे हात थरथरायचे. तार मुरडायची, तुटायची. माझी एकही तुटली नाही. प्रोफेसर इतर विद्यार्थ्यांना बोलावून माझे हात दाखवायचे. मी मनात म्हणायचो, साहेब, आमच्या घरी शेंबडं पोरसुद्धा तुटलेला धागा सांधतं. छाती फुगली होती माझी, खोटं कशाला बोलू.

शिवाय माझ्या नळ्या इतरांच्या नळ्यांपेक्षा जास्त 'टक' करत होत्या. प्रोफेसरांना वाटलं, आधीच्या लोकांना न दिसलेलं काहीतरी आमच्या हाती लागलंय. मलाही वाटलं. वर्षावर दोन महिने मी ते आकडे वह्यांत उतरवले, आलेख काढले, घरी लिहिलं की काम जोरात चाललंय, ठरल्या दिवशी येतो.

आमच्या वर्कशॉपात टॉम नावाचा म्हातारा मिस्त्री होता. एकदा नवी नळी करताना तो सहज शेजारी येऊन उभा राहिला. मी तारेचं टोक ओवलं, तार ताणली. टॉम म्हणाला, "पुन्हा कर पाहू." मी पुन्हा केलं. "ते जिभेचं काय करतोस?"

मला कळेचना तो काय म्हणतोय. त्यानं माझं मनगट धरलं. माझी दोन बोटं ओली होती.

दर वेळी तार हातात घेताना मी बोट जिभेला लावत होतो आणि तारेला वरपासून खालपर्यंत ओल्या चिमटीतून ओढून घेत होतो. आई सुताला करायची तसं, अगदी तसं. थुंकी वाळायची, तिचा क्षार तारेवर राहायचा, आणि किरण आला नसतानाही नळी आपली आपणच 'टक' करायची. टॉमनं स्वच्छ चिमट्यानं, हात न लावता एक नळी करून दाखवली. ती इतरांच्या नळ्यांइतकंच मोजत होती. चौदा महिन्यांच्या माझ्या वह्यांत किती आकडे आकाशाचे आणि किती माझ्या तोंडाचे, हे सांगायला काही मार्गच नव्हता.

प्रोफेसर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पहिल्यापासून करावं लागेल." पहिल्यापासून म्हणजे वरचं एक वर्ष. मधेच सोडून गेलो तर पदवी नाही, आणि ज्यासाठी आईला तशा अवस्थेत टाकून आलो ते हाती काहीच नाही. राहिलो तर ती दोन वर्षांवर आणखी एक काढेल का, हे कुणाला विचारायचं? त्याच आठवड्यात गंगूचं पत्र आलं होतं, 'वैद्यांनी कांड्या भरायचं बंद सांगितलंय, आई ऐकत नाही.' पत्र अठरा दिवसांपूर्वीचं. त्या अठरा दिवसांत तिकडं काय झालं असेल ते कळायला आणखी अठरा दिवस. विचार करकरून डोकं फिरायची पाळी आली, पण करता येण्याजोगं काही नव्हतंच.

मी लिहिलं, यंत्र बिघडलं, एक वर्ष वाढलं. कशानं बिघडलं ते लिहिलं नाही. लिहिणार तरी काय, तुझ्या सवयीनं म्हणून?

तिचं उत्तर गंगूनं तिच्याच शब्दांत उतरवलं होतं. "बिगडलं तर बिगडलं. हातभर लुगडं विनल्यावर चूक दिसली तर तुजे आबा उसवत्यातच की. तू बी उसव. घाईनं वंगाळ करू नगं. मी हाय हितं."

मग मी उसवलं. नऊ नळ्या नव्यानं केल्या. डाव्या हातात चिमटा, उजव्या हातात चिमटा, आणि तोंडाला रुमाल बांधायचो, कारण जीभ ऐकत नव्हती. दहा महिने कोरडे, बरोबर आकडे मोजले. शेवटचा आकडा लिहिला त्या दुपारी धावत पोस्टात गेलो आणि पत्र टाकलं, आई, झालं, निघतोय.

चार दिवसांनी गंगूचं पत्र आलं. आईला जाऊन तीन आठवडे होत आले होते. तार का केली नाही? आईनंच बजावलं होतं, तार करू नका, त्याचं काम अर्धं राहील. माझं 'निघतोय' तेव्हा बोटीवर होतं, कुठं तरी एडनच्या अलीकडं. त्याला परत बोलावता येत नव्हतं. ते घरी पोचलं, आबांनी ते न फोडता आईच्या पेटीत ठेवलं.

पदवी मिळाली. मग परत जायची घाई उरली नाही आणि मी इथंच शिकवायला राहिलो. एकदा घरी येऊन गेलो. आबांनी रहाट माळ्यावर टाकला होता. जेवताना आबा म्हणाले, "तुजं येवस्थित चाललंय न्हवं?" मी म्हटलं, व्हय. महिनाभर आम्ही दोघं तेवढंच बोललो.

आता नवी पोरं येतात, कुणी लाहोरचा, कुणी चीनचा, एक मद्रासचा. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात दोन चिमटे देतो आणि सांगतो, तारेला बोट लावायचं नाही. का ते सांगत नाही. संध्याकाळी खोलीवर कोटाचं बटण लावायचं असलं की सुईत दोरा मात्र ओला करूनच ओवतो. ते मी मुद्दाम करतो.

गंगू, तू विचारलंस म्हणून सगळं लिहिलं. आपल्यामुळं बिघडलं असं आईला वाटेल म्हणून मी गप्प बसलो, आणि ती विचारत विचारत गेली. सांगितलं असतं तर ती हसली असती, असं आता वाटतं. घराचं म्हणशील तर माझं घर ती मागची खोली, जिथं माझं पत्र आलं की ती रहाट थांबवायची आणि तू मोठ्यानं वाचायचीस. एवढं कर, हे पत्रही तिथंच बसून वाच. सावकाश वाच, आणि ओल्या बोटाचं आलं की दोनदा वाच.