आधीच भरलेल्या वह्या

"'उंच कड्यावरून धबधबा गर्जना करीत खाली कोसळत होता.'" डेप्युटी साहेबांनी वहीतलं वाक्य मोठ्यानं वाचलं, समोरच्या कड्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कुठं आहे हो, मास्तर?"

समोर कोरडा कातळ होता. सातवीची एकवीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी कातळाकडे बघत होतो.

ही गोष्ट इंग्रजी अमदानीतली, एकोणीसशे तीसच्या आसपासची. सोलापुरातल्या एका मराठी शाळेत मी मास्तर होतो. टेंपररी. म्हणजे डेप्युटींचा रिपोर्ट चांगला आला तर कायम, नाही तर घरी. डेप्युटी म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. वडील नुकतेच वारले होते आणि दोन धाकट्या बहिणी माझ्याकडे होत्या. आमची चूल त्या रिपोर्टावर होती.

त्या वर्षी साहेबांना नेचर स्टडी बघायची होती. नेचर स्टडी म्हणजे झाड, पाखरू, दगड मुलांनी स्वतः पाहायचं आणि पाहिलेलं वहीत लिहायचं. त्यांनी येडशीजवळची रामलिंगाची दरी ठरवली. आता तिथे अभयारण्य आहे म्हणे. तेव्हा ते निजामाच्या हद्दीतलं नुसतं रान होतं.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. तपासणी म्हटली की आधी रंगीत तालीम. कोणता प्रश्न येणार, कोण हात वर करणार, सगळं आठ दिवस आधी ठरलेलं. त्याप्रमाणे हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"वह्या भरून तयार ठेवा."

"पण दरी पाहायच्या आधी काय लिहायचं?"

"तुम्ही गेला होतात ना तिथे एकदा?"

"श्रावणात गेलो होतो."

"मग झालं की! दरी काय जागची हलते?"

मलाही ते पटलं, हे कबूल करतो. मी फळ्यावर निरीक्षणं लिहिली, मुलांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. धबधबा गर्जला, मोर पिसारा फुलवून नाचला, हिरवळ डोलली. आणि आम्ही निघालो फाल्गुनात. कुर्डुवाडीला गाडी बदलली, बार्शीला धर्मशाळेत मुक्काम केला, सकाळी छोट्या गाडीनं येडशी आणि पुढे पायी. मुलं खुशीत होती. मला मात्र वाटेतले कोरडे ओढे दिसत होते.

तर आम्ही कातळापुढे उभे. रामलिंगाच्या देवळाचे गुरव वाट दाखवायला बरोबर उतरले होते. साठीचा माणूस, मनानं भला. त्यांनी भोळेपणानं सांगून टाकलं, "धबधबा? त्यो श्रावणात असतोय की, दिपोटी साहेब! आता कुटलं पानी?"

साहेबांनी वही मिटली. "मास्तर, हे कधी लिहिलंत?"

गेल्या वर्षीच्या वह्या आहेत, असं ठोकून देता आलं असतं. पण एकवीस जण ऐकत होते आणि लिहून त्यांनीच घेतलं होतं.

"गेल्या आठवड्यात. शाळेत. मी सांगितलं तसं. मुलांची चूक नाही." हेडमास्तरांचं नाव मी घेतलं नाही. खडू माझ्याच हातात होता.

नोकरी गेली, असं मी मनाशी धरून चाललो. बहिणींना काय सांगायचं, तेवढाच विचार डोक्यात होता.

गुरवांना बहुधा माझी दया आली. "धबधबा न्हाय म्हनून काय झालं? त्या वळनाला एक डबकं हाय. अख्ख्या दरीत पानी तेवढंच, समदी तितंच येत्यात. पन गप बसावं लागंल बरं का. लई गप."

आम्ही झुडपांआड बसलो. साहेबसुद्धा मुलांच्या रांगेत मातीत बसले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बुलबुल आले. मग एक मुंगूस. मग वानरांचा कळप. एका पिल्लानं आईच्या पोटाशी राहूनच पाण्यात हात घातला आणि दचकून मागे घेतला. शेवटी मोर आला. तो नाचला नाही. पाणी प्यायला, मान वर केली, पुन्हा प्यायला. नरसय्या म्हणून विणकराचा एक मुलगा होता, वर्गात कधी तोंड न उघडणारा. तो माझ्या कानाशी कुजबुजला, "गुरुजी, दर घोटाला वर बघतोय. भीत असंल."

श्रावणात जागोजागी पाणी होतं, तेव्हा मला यातलं काही दिसलं नव्हतं. मोराचा नाच तर मी पदरचाच घातला होता.

साहेब उठले. "मुलांनो, डावं पान गुरुजींनी सांगितलेलं. उजवं कोरं आहे. त्यावर आता तुम्ही पाहिलंत ते लिहा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुम्हीही एक कागद घ्या."

मी घेतला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं निरीक्षण.

निघताना मी गुरवांच्या पाया पडलो. ते ओशाळले. "म्या काय केलं वो? डबकं देवाचं हाय."

महिन्याभरानं रिपोर्ट आला: 'मुलांना पाहता येते. मास्तरांना येऊ लागले आहे. कायम करावे.'

त्या दोन माणसांचे उपकार मी विसरलो नाही. एकानं मला उघडं पाडलं आणि त्यानंच सावरलं. दुसऱ्यानं पकडलं आणि सोडलं. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी मुलांना रानात नेलं. निघण्याआधी प्रत्येकाची वही तपासायचो, पानं कोरी आहेत ना म्हणून.