आत्याच्या नावाची पाटी

माझ्या आत्याला स्वतःची खोली होती, पण ती फक्त झोपण्यापुरती. सकाळी पहिली बॅच यायच्या आत लोखंडी कॉट उभी करून भिंतीला टेकवायची, तिच्यापुढे फळा सरकवायचा, की झाली इंग्रजीची शिकवणी तयार. मग शेवटची बॅच जाईपर्यंत बाईला पाठ टेकायला जागा नाही. ताप आला की ती स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकून डुलक्या काढायची. खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. पूर्वी होती, पण एकदा एका कार्ट्याने ती आतून लावून घेतली आणि सगळी बॅच बाहेर ताटकळत राहिली, तेव्हा बाबांनी ती उपटूनच टाकली.

बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. त्यांचं दुकान बसलं तेव्हा आत्याने थोडे दिवस म्हणून शिकवणी सुरू केली. ते थोडे दिवस काही संपेनात. बाबा प्रवेश द्यायचे, पालकांशी गोड बोलायचे, खुर्च्या मोजायचे आणि दमायचे. शिकवायची ती एकटी. बाबा तिला ताई म्हणायचे, म्हणून पोरंही ताई म्हणायची, आणि पोरांचं ऐकून सगळी गल्ली.

तिचा खरा जीव अपॉस्ट्रॉफीत होता. आता एवढ्याशा चिन्हात जीव अडकवण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. पण ती शिकवायला लागली की कंटाळलेली पोरंही सावरून बसायची. "हा स्वल्पविरामच आहे," ती म्हणायची, "फक्त याला वर बसवलंय, म्हणून जरा भाव खातो. कामं दोनच. एक, कुठलं अक्षर गळलं तर त्याची जागा धरून ठेवायची. दोन, वस्तू कोणाची ते सांगायचं. तिसरं काम याला द्यायचं नाही." पण लोक नेमकं तिसरं काम द्यायचे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने टोमॅटोचं अनेकवचन करताना इंग्रजी पाटीवर अपॉस्ट्रॉफी ठोकून दिला होता. आत्या दर वेळी तिथे थबकायची. "अहो, या टोमॅटोच्या मालकीचं आहे तरी काय?" तो बिचारा म्हणायचा, "ताई, घ्यायचे तर घ्या, उगाच त्यांना कशाला बोलता?"

'इट्स'पाशी भल्याभल्यांचं घोडं अडायचं. त्यावर तिचा उपाय साधा होता. "त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून बघा. वाक्य नीट लागलं तर चिन्ह द्या, नाही लागलं तर हात आवरा." हात आवरा म्हणताना ती स्वतःचाच हात मागे घ्यायची, आणि पोरं हसायची.

त्या वर्षी तिला एका निवासी शाळेतून बोलावणं आलं. लांबचं गाव, कामाचे तास ठरलेले, आणि राहायला खोली. मुख्याध्यापिका फोनवर बोलत होत्या तेव्हा मी शेजारीच उभी होते. आत्याने सुट्ट्यांचं विचारलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. तिने विचारलं, "खोलीला आतून कडी आहे ना?" पलीकडून हो आलं असणार, कारण तिचा चेहरा असा खुलला की मला रडूच आलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

तिने बाबांना सांगितलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण बाबा नुसते हं म्हणाले आणि पेपर वाचत बसले. आई म्हणाली, "वन्सं, जा तुम्ही. बघू आम्ही काय ते." आईच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकत होते मी.

दुसऱ्या दिवशी तर नवलच झालं. ज्या माणसाने जन्मात कधी व्याकरणाचं नाव काढलं नाही, तो माणूस पेपरचा कोपरा फाडून आत्यापुढे बसला.

"ताई, ते वरचं टिंब कुठे देतात गं?"

"टिंब नाही रे, अपॉस्ट्रॉफी. मालक एक की अनेक?"

"एकच. म्हणजे एकीचाच क्लास असेल समज, तर?"

"मग एसच्या आधी. अनेक मालक असते आणि शेवटी एस असता, तर त्या एसच्या नंतर. लिहून दाखव बघू." बाबांनी लिहिलं. तिने चिन्ह जरासं वर सरकवायला लावलं, पुन्हा लिहून घेतलं, शाबासकी दिली.

मग स्वयंपाकघरात येऊन माझा दंड धरला. "अगं, शिकतोय तो! मी गेल्यावर क्लास चालवायचं मनावर घेतलंय त्याने." त्या दिवशी तिने माळ्यावरची बॅग काढून पुसली.

रविवारी सकाळी बाबांनी सगळ्यांना दाराबाहेर बोलावलं. शेजारी होते, दोनचार पालक होते, भाजीवालाही आला होता. दारावर काहीतरी उंच लावून वर चादर टाकलेली. चादर आत्याच्याच कॉटवरची. बाबांनी ती ओढली. खाली नवीकोरी पाटी, ठळक इंग्रजी अक्षरांत: ताईज इंग्लिश क्लासेस. अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी, अगदी तिने सरकवला होता तिथे.

टाळ्या वाजल्या. बाबा रडायलाच लागले, आणि ते रडणं खरं होतं, सोंग नव्हतं. "इतकी वर्षं राबलीस ताई. आता सगळं तुझ्याच नावावर." मला बाबांचा इतका राग आला की तिथून निघून जावंसं वाटलं. केसाने गळा कापणं याहून वेगळं काय असतं? पण एवढ्या लोकांसमोर रडणाऱ्या भावाला कोण काय बोलणार?

आत्या पाटीकडे बघत राहिली. चूक सापडते का ते शोधत असावी. मग तिने खाली पडलेली चादर उचलून झटकली.

"सगळं माझं ना रे?"

"म्हणजे काय! तुझंच."

"मग आतून कडी लावून घेऊ?"

सगळे हसले. बाबाही डोळे पुसत हसले. "अगं वेडे, कडी लावलीस तर पोरं कुठून येणार?"

सोमवारी पहिली बॅच बसल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि पिठाच्या डब्याशेजारी उभी राहून तिने शाळेला फोन लावला. जमणार नाही, घरचा क्लास आहे, असं सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आत्याने दाराकडे पाहिलं. बाहेर पोरं ताई, ताई करत होती.

"हो," ती म्हणाली. "माझाच आहे."