आमचं स्टेशन पूर्ण ऑटोमॅटिक आहे!

आमच्या ऑफिसातले किस्से जेवताना सांगता येत नाहीत, म्हणून ते साठत जातात. बँकेतली, रेल्वेतली माणसं लग्नाच्या पंगतीत आपले किस्से खपवून मोकळी होतात. आम्ही तोंड उघडलं की समोरचा हातातली भजी खाली ठेवतो! कारण आम्ही सांडपाण्याची पंपिंग स्टेशनं ऑटोमॅटिक करून देतो. चेन्नई पडली सपाट. इथला मैला उताराने वाहून जात नाही, तो टप्प्याटप्प्याने उपसून पुढे ढकलावा लागतो. ते ढकलणं आमच्याकडे.

ऑफिस नुंगंबाक्कमला. एसी, काचेचं दार, दारावर 'फ्लुइड सोल्यूशन्स'. मैल्याचा उल्लेख कुठेही नाही. मी साताऱ्याहून इथे आलो त्याला बरीच वर्षं झाली, पण गावी अजून कोणाला धड सांगितलेलं नाही. लाज वाटते, दुसरं काय!

*

पंपांच्या कंट्रोल पॅनेलचं काम बघणारे आमचे मनोहरराव तंजावरकडचे मराठी. घर मैलापूरला. त्यांच्या आईने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय, "माझा लेक पाण्याच्या कंपनींत आहे."

एकदा बारशाला कोणा तरी म्हाताऱ्या आजोबांनी खोदून विचारलं, "कुठलें पाणी गे? गोडें कीं समुद्राचें?"

आई क्षणभरही अडखळली नाही. "मधलें!"

मनोहरराव हे सांगताना खो खो हसतात. पण मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं होतं, हे मला वहिनींकडून कळलं.

*

आमचे मॅनेजर सुंदरेसन सर संगीताचे वेडे. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या मोसमात, ते संध्याकाळी ऑफिसात सापडत नाहीत, गाण्याच्या सभेत सापडतात. स्टेशनच्या विहिरीतली सांडपाण्याची पातळी चढली की फोन सायलेंटवर असला तरी मोठ्याने बोलला पाहिजे, ही सोय त्यांनीच हट्टाने करून घेतली होती.

त्या दिवशी मैलापूरच्या एका सभेत आलाप अगदी तार षड्जाला टेकला होता. सगळी सभा श्वास रोखून बसलेली. आणि सरांच्या खिशातून बाईचा गोड आवाज आला, "सीवेज लेव्हल हाय! सीवेज लेव्हल हाय!"

शेजारच्या मामींनी रेशमी पट्टूसाडीचा पदर हळूच आपल्याकडे ओढून घेतला. गाणाऱ्याने डोळे उघडले. सर घामाघूम होऊन बाहेर पळाले आणि त्यांनी तिथूनच मला फोन लावला. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"अरे, अलार्म एका सेकंदाचाही उशीर न होता आला!" म्हणाले.

*

एका मोठ्या कॉलनीच्या स्टेशनात पंप सारखा अडकायचा. आम्ही रहिवाशांची सभा घेतली. संडासात काय टाकू नये याची चित्रं दाखवली. सेक्रेटरी खवळले. "आमच्याकडे सुशिक्षित लोक राहतात. आमच्याकडून असलं काही जात नाही!"

मग मनोहररावांनी पंपाच्या पंख्यात गुंडाळलेलं बाहेर काढलेलं कापड त्यांच्यापुढे पसरलं. कॉलनीचाच बॅनर होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'गटारात कचरा टाकू नका.'

सेक्रेटरींनी तो नीट वाचला आणि मान हलवली. "हा आमचा नाही. आधीच्या कमिटीचा आहे!"

*

आता एळुमलैबद्दल सांगतो. तो पूर्वी ठेकेदाराकडे होता. पंप अडकला की कमरेला दोर बांधून विहिरीत उतरायचा आणि हाताने चिंध्या काढायचा. कायद्याने बंदी आहे, पण उतरवणारे उतरवतात आणि बाकीचे सगळे दुसरीकडे बघतात. त्याचा थोरला भाऊ असाच एका विहिरीत उतरला. गॅस होता. तो वर आला नाही.

आम्ही एळुमलैला ऑपरेटर म्हणून घेतलं आणि टॅब्लेटवर पंप चालवायला शिकवलं. चटकन शिकला. ऑफिसात ट्रेनिंगला यायचा तेव्हा आम्हाला चहा स्टीलच्या टंबलरमध्ये मिळायचा आणि त्याला कागदी कपात. असं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आपोआपच होत होतं. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा मान वर करवेना.

मी आणि मनोहररावांनी ठरवलं, उद्यापासून सगळ्यांनाच कागदी कप. भेद नको! आम्हाला आमचंच फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे कागदी कप घेऊन बसलो. एळुमलै आला आणि त्याने पिशवीतून घरचा नवा कोरा स्टीलचा टंबलर काढून टेबलावर ठेवला.

आम्ही सगळे आपापल्या कपात फुंकर मारत बसलो. चहाही फार गरम होता.

*

एळुमलैच्या बायकोचं, शांतीचं, या नोकरीवर मन बसत नव्हतं. थोरला दीर गेल्यावर तिने नवऱ्याकडून शपथ घेतली होती, पुन्हा विहिरीत पाय टाकायचा नाही म्हणून. 'ऑटोमॅटिक' या शब्दावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात तिने त्याच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती. पगार कमी, पण जमिनीच्या वर. "नव्या स्टेशनचं उद्घाटन मी डोळ्यांनी बघेन. मग ठरवू," असं तिने सांगून टाकलं.

उद्घाटन सकाळी होतं. मांडव, झेंडूची तोरणं, पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी. आम्ही एळुमलैला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारी शांती, तिच्या केसांत ताजा मोगरा.

सुंदरेसन सरांनी माइक घेतला. "या स्टेशनात माणूस कधीही आत उतरणार नाही! पंपात चिंधी अडकली तर मशीनला स्वतः कळतं. ते पंप थांबवतं, उलटा फिरवतं, चिंधी सोडवतं आणि पुन्हा चालू करतं. पूर्ण ऑटोमॅटिक!"

टाळ्या झाल्या. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं. पंप सुरू झाला, गुरगुरला आणि थांबला.



"अडकलं वाटतं," अधिकारी म्हणाले. "आता?"

आणि आम्ही सगळ्यांनी एळुमलैकडे बघितलं. सरांनी, मनोहररावांनी, मी, अधिकाऱ्यांच्या ड्रायव्हरनेसुद्धा. 'उतर' असं कोणी म्हणालं नाही. नुसत्या माना वळल्या.

एळुमलै उभा राहिला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून शांतीच्या हातात दिलं आणि शर्टाचं वरचं बटण उघडलं. मग दुसरं. शांतीने त्याचा शर्ट मागून मुठीत घट्ट धरला.

तेवढ्यात खालून घरघर आली. पंप उलटा फिरला, थांबला, सुलटा फिरला आणि पाइपातून पाणी धो धो जायला लागलं. आम्ही बसवलेल्या मशीनने आम्ही सांगितलं होतं तसंच, सगळं आपलं आपण केलं होतं.

टाळ्यांचा कडकडाट झाला! सर माइकमध्ये ओरडले, "पाहिलंत?"

एळुमलै खाली बसून बटणं लावत होता. मी त्यांच्यापर्यंत कसाबसा गेलो. माझ्या मोडक्या तमिळमध्ये शांतीला विचारलं, "कसं वाटलं, अम्मा?"

तिने घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर बांधलं, पट्टा नीट बसवला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मशीन चांगलं आहे, सार," ती म्हणाली. "मशीनवर माझा विश्वास बसला."