दोन नंबरची पेटी

आमच्या बल्लारपूरच्या क्वार्टरात दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत आम्ही राहायचो आणि समोरच्या खोलीत रेल्वे राहायची. गंमत नाही करत. आठ फुटी प्लायवूडचं टेबल, त्याच्यावर पटऱ्या, दोन बोगदे, एक स्टेशन आणि बोटाएवढी चार इंजिनं. आमचे हे दिवसभर खऱ्या रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नल आणि सांधे बदलणारे लिव्हर ओढायचे आणि घरी आले की हातपाय धुवून या रेल्वेच्या ड्युटीवर. हिच्यात पगार नव्हता, म्हणून मन जास्त लावायचे.

या टेबलापायी माझी शिलाई मशीन व्हरांड्यात गेली होती. पाच-सहा बायांना मी शिवण शिकवायची आणि विहारात जाणाऱ्या बायांचे पांढरे ब्लाउज शिवून द्यायची. आता बल्लारपुरात व्हरांड्यात बसून पांढरं कापड शिवणं म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोळशाची भुकटी हवेतच असते. खांदा शिवून बाही जोडेपर्यंत ब्लाउज राखाडी व्हायचा. एका बाईनं तोंडावर म्हटलं, "बाई, मी पांढरं कापड दिलं होतं, तुम्ही रंगवून देऊन राह्यल्या." हसली ती, मीही हसले, पण पुढच्या खेपेला ती दुसरीकडे गेली. मला खोली परत पाहिजे होती. बाकी त्या रेल्वेशी माझं काही वैर नव्हतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. माझ्या दिराचा मुलगा जर्मनीत कारखान्यात कामाला होता. इंजिनं-पटऱ्या त्यानंच दर सुट्टीला आणलेल्या. त्याचं पत्र आलं, सोबत रंगीत कॅटलॉग. तिकडे म्हणे आता डिजिटल निघालं. आधी कसं होतं, की पटरीत वीज सोडली की तिच्यावरची सगळी इंजिनं एकदम पळायची. म्हणून ह्यांनी पटरीचे तुकडे पाडले, तुकड्यागणिक वेगळं बटण, वेगळी वायर. टेबलाखाली वाकलं तर शेवयांचं वाळवण टांगल्यासारखं दिसायचं. नव्या प्रकारात प्रत्येक इंजिनात एक चिप आणि तिला एक नंबर. पेटीवर नंबर दाबायचा, त्याच नंबरचं इंजिन ऐकतं, बाकीची उभी राहतात. वायरी फक्त दोन. पोरानं लिहिलं होतं, दोन कंपन्यांच्या दोन पेट्या आहेत, बॅगेत एकीचीच जागा आहे, आणि एकीच्या चिपा दुसरीचं ऐकत नाहीत. तेव्हा एकदाच काय ते ठरवा आणि कळवा.

"वायरी गेल्या तं टेबल कब्ज्यावर बसवून भिंतीले उभं करता येते," हे म्हणाले. कब्जे म्हणजे बिजागऱ्या. "मंग खोली तुयी." हे वाक्य मी पक्कं धरून ठेवलं.

निवड करायला कमिटी बसली. हे, शेजारचे पेपर मिलमधले इलेक्ट्रिशियन भाऊ आणि चंद्रपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे प्राध्यापक. चार रविवार बैठक चालली. चहा माझा. मिलवाल्या भाऊंचं म्हणणं एकच, की ज्या पेटीचं वजन जास्त ती चांगली. कॅटलॉगात वजन दिलेलं नव्हतं, तरी ते चित्र हातावर तोलून पाहायचे. प्राध्यापक नागपूरला तीन महिने जर्मन भाषा शिकले होते. ते डिक्शनरी घेऊन यायचे आणि एकेक शब्द असा काढायचे, जसा माशातला काटा.

एक नंबरची पेटी मोठी होती. मुख्य पेटीला जोडून बटणांच्या पट्ट्या, पट्टीला पट्टी लावत जायची. प्राध्यापकांनी वाचून सांगितलं, "या पट्टीनं सोळा मऊ वस्तू चालवता येतात."

रेल्वेत मऊ काय असतं, यावर एक रविवार गेला. मिलवाले भाऊ म्हणाले, पहिल्या वर्गाच्या गाद्या. हे म्हणाले, व्हॅक्युम ब्रेकचे रबरी पाइप. प्राध्यापकांनी दोन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. मी शाळेत दोन वर्षंच गेलेली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवरून आणि शिवणाच्या पुस्तकातल्या चित्रांवरून शिकले. त्यामुळे मला आधी चित्र पाहायची सवय. चहा ठेवता ठेवता मी वाकून पाहिलं.

"भाऊ, त्या शब्दाच्या बाजूलेच एका पटरीच्या दोन पटऱ्या होऊन राह्यल्या. सांधा आहे तो."

प्राध्यापकांनी डिक्शनरी पुन्हा उघडली. मऊ म्हणजे जो शब्द, तसाच दिसणारा सांध्याचा शब्द, अर्ध्या बोटावर खाली. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तेही असू शकतं.

सांधे म्हटल्यावर ह्यांचे डोळे चमकले. बटणांची ती रांग त्यांना केबिनमधल्या लिव्हरसारखी दिसू लागली. आणि दोन नंबरची पेटी? डब्याच्या झाकणाएवढी. एक गोल बटण, दहा आकडे. सांधे हातानं बदलायचे. पण तिच्यावर दोन इंजिनं एका पटरीवर मागेपुढे चालवता येतात, हे प्राध्यापकांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, आणि तिथंच तिचं नशीब फुटलं.

"एका सेक्शनात दोन गाड्या?" हे म्हणाले. "पुढची निघाल्याबिगर मागची सोडली तं चार्जशीट भेटते."

"एक नंबरवाली पेटीही तेच करते, भाऊ," प्राध्यापक म्हणाले. "डिजिटलचा फायदाच तो आहे. आणि शेवटी हे खेळणं आहे."

खेळणं हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. त्या दिवशी प्राध्यापकांना दुसरा चहा मिळाला नाही.

शेवटी ह्यांनी ठरवलं: एक नंबर, पाच पट्ट्यांसकट. डिजिटल आणायचं, पण पटरीचे तुकडे तसेच ठेवायचे, तुकड्यागणिक बटणही तसंच, नियमासाठी. म्हणजे ज्याच्यासाठी जग डिजिटल झालं तेवढं सोडून बाकी सगळं घ्यायचं. मी विचारलं, मग टेबल उभं कसं होईल? तर म्हणे, पट्ट्या काठाला स्क्रूनं पक्क्या बसवाव्या लागतील, टेबल आता हलणार नाही.

"आन् खोली?"

"व्हरांडा काय वाईट आहे वं? हवा लागते."

पत्र लिहायला मी बसले. आमच्याकडची पत्रं मीच लिहायची, कारण ह्यांचं लिहिणं ट्रेन रजिस्टरातलं: गाडी नंबर, वेळ, सही. हे सांगत होते, मी लिहीत होते. तब्येत ठीक, थंडी कमी, सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. पेटीची ओळ आली तेव्हा मी लिहिलं, दोन नंबरची आण. दर रविवारी मी विहारात पंचशील म्हणते, त्यात खोटं न बोलण्याचं आहे, ते मला ठाऊक होतं. पण मी खोटं कुठं लिहिलं? मला दोन नंबरचीच पाहिजे होती.

पोरगा आला. कमिटी हजर. बॅगेतून झाकणाएवढी पेटी निघाली. मिलवाल्या भाऊंनी ती हातावर घेतली आणि लगेच खाली ठेवली, वजनच नव्हतं. ह्यांनी पोराला विचारलं, बाकीच्या पट्ट्या कुठी आहेत. पोरानं खिशातून निळं पत्र काढलं. "मोठ्या आईनं हेच लिहिलं होतं, मोठेबाबा."

ह्यांनी ते दोनदा वाचलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"अक्षर तं तुयंच आहे."

"हो."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलं होतं, वायरी गेल्या की खोली तुयी. तेच धरून लिहिलं."

चार माणसांत ह्यांना आपलंच वाक्य नाकारता येईना. प्राध्यापक छताकडे पाहत होते. हे उठले आणि मिलवाल्या भाऊंना म्हणाले, "कब्जे किती इंची लागतील?"

पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले, पण वायरी निघाल्या आणि टेबल भिंतीला लागलं. बाया आत येऊन बसल्या, गेलेली बाईही परत आली. टेबल रविवारी आडवं व्हायचं, मशीन एका कोपऱ्यात चालू. बाहेरगावचा कोणी पाहायला आला की हे पेटी दाखवून सांगायचे, "मोठीबी होती. पण मी म्हटलं, आपल्याले काऊन पाहिजे मोठी? पाहून-सवरूनच घेतली." प्राध्यापक मान हलवायचे. मिलवाले भाऊ म्हणायचे, हलकी आहे तेच बरं. हे एकदा बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, मशीनचा आवाज होतो, जरा थांब, पाहुण्यांना ऐकू येत नाही.

मी पाय चालूच ठेवला. ते मोठ्यानं बोलू लागले.